कंबरेतून पायात उतरणारी कळ: कारण नेमकं कुठं शोधायचं?

प्रश्न असा आला आहे: "माझ्या मिस्टरांचं वय ४४. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशीनवर आहेत, रोज कळंब्याहून बाईकनं जातात. अडीच महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ उतरते. बाईकवर आणि जेवायला मांडी घालून बसलं की जास्त. एमआरआयमध्ये एल ४-५ आणि एल ५-एस १ ला डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा, लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात मणक्यात गॅप आहे, दुसरे म्हणतात नस दबली, ऑपरेशन लागेल. फिजिओ म्हणतात कुल्ल्याचा स्नायू आखडलाय. खरं कारण कुठलं? ऑस्टिओपॅथीनं ते कळतं का?"

ताई, तिघांनी तीन कारणं सांगितली तरी तिघंही थोडे थोडे बरोबर असू शकतात. 'पाय का दुखतो' या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला: नस कुठं चिडली आहे, किंवा मुळात दुखतेय ती नसच आहे का? दुसरा: नेमक्या त्याच जागेवर एवढा भार का आला? पहिल्याचं उत्तर नेहमीच्या वैद्यकीय तपासणीनं मिळतं. रिफ्लेक्स, ताकद, संवेदना, आणि लागलाच तर एमआरआय. तिथं आम्हा ऑस्टिओपॅथांकडं कुठली गुप्त विद्या नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे सांधे-स्नायू हातानं तपासून मोकळे करण्याच्या पद्धतीचे, हात खरोखर कामाला येतात. जो ऑस्टिओपॅथ पहिला प्रश्न ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी मारतो, त्याच्यापासून जरा लांबच राहिलेलं बरं. मी याच पेशातला असून हे सांगतोय.

आधी वाट समजून घ्या. कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांपासून (एल ४, एल ५) आणि त्याखालच्या त्रिकोणी हाडातून (एस १ पासून पुढच्या) निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस बनते. शरीरातली ही सगळ्यात जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. ती कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या वर दोन फाटे होऊन पावलापर्यंत पोचते. या वाटेवर कुठंही ती चिडली तर दुखणं खाली जाणवतं. म्हणून पोटरी दुखते याचा अर्थ पोटरीत बिघाड आहे असा नाही. आणि पोटरीला तेल लावून, शेक देऊन महिना घालवलेली माणसं मला सतत भेटतात.

पण पायात उतरणारं प्रत्येक दुखणं नसेचं नसतं, ही गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. नसेच्या मुळाशी बिघाड असेल तर कळ पट्टीसारखी, बोटानं आखून दाखवता येईल अशी उतरते. बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली जाते, करंट मारल्यासारखी असते, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो. खोकला, शिंक किंवा संडासला जोर केला की पायात सणक जाते. याउलट कंबरेचे सांधे, अस्थिबंध किंवा कुल्ल्याचे स्नायू दुखत असतील तर त्यांचंही दुखणं पायात पसरतं, पण ते खोल, बोथट, रग लागल्यासारखं असतं. जागा विचारली तर माणूस बोट न ठेवता अख्खा तळहात मांडीवर फिरवतो. कुठं दुखतंय हे सांगताना रुग्ण बोट वापरतो की तळहात, हे मी फाईल उघडायच्या आधी बघतो. त्यावरून निदान होत नाही, पण दिशा कळते.

तुमच्या मिस्टरांची कळ 'पोटरीपर्यंत' जाते असं तुम्ही लिहिलंय. पोटरीच्या मागून की बाहेरून, हे त्यांना नीट विचारा. एल ५ ची मुळी चिडली तर कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडं जाते. एस १ ची असेल तर पोटरीच्या मागून टाचेकडं आणि करंगळीच्या बाजूला. एल ४ ची मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला उतरते. घरी करण्यासारखी एक साधी चाचणी आहे. भिंतीचा हलका आधार घेऊन त्यांना दहा पावलं टाचांवर चालायला लावा, मग दहा पावलं चवड्यांवर. टाचेवर चालताना उजवं पाऊल खाली पडत असेल तर एल ५ किंवा एल ४ वर शंका. उजव्या एकाच पायावर उभं राहून टाच आठ-दहा वेळा उचलता येत नसेल आणि डाव्यावर येत असेल, तर एस १. दुखतंय म्हणून न करणं वेगळं आणि ताकदच नसणं वेगळं. ताकद गेलेली दिसली तर पुढचं वाचत बसू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जनला दाखवा.

दुसरी चाचणी आम्ही टेबलावर करतो. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान तीच ओळखीची कळ पायात उतरली तर नस चिडल्याची शक्यता वाढते. नुसता मांडीमागचा स्नायू ताणला गेला तर ती चाचणी सकारात्मक धरायची नाही, पण इथं घाईघाईत घोळ होतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर चकतीचा भाग बाहेर आल्याचा संशय बराच पक्का होतो. आणखी एक सोपी खूण: खुर्चीत पाठ गोल करून, हनुवटी छातीला लावून बसायचं आणि दुखरा पाय गुडघ्यात सरळ करायचा. कळ आली की फक्त मान वर उचलायची. मान वर करताच पायातली कळ हलकी झाली, तर ती स्नायूची नाही. मानेचा आणि पोटरीचा कुठलाही स्नायू एकमेकांना जोडलेला नाही. जोडलेली आहे ती मज्जारज्जू आणि नसांची सलग दोरी.

आता एमआरआय. चकती फुटून नसेवर येते आणि पाय दुखतो, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं. तेव्हापासून पायाच्या दुखण्याचं दुसरं नावच चकती झालं. पण ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांचेही एमआरआय काढून बघितले गेले आहेत. २०१५ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून मांडलेल्या निष्कर्षांनुसार, न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या चकतीला फुगवटा दिसतो आणि ऐंशीच्या घरात हा आकडा ८४ टक्क्यांवर जातो. चकती झिजल्याच्या खुणा तर विशीतच ३७ टक्के लोकांत. म्हणजे ४४ व्या वर्षी रिपोर्टमध्ये 'बल्ज' किंवा चकतीची झीज (तिलाच 'गॅप' म्हणतात) यातलं काहीच नसतं तर मला नवल वाटलं असतं. रिपोर्ट खोटा नाही. फक्त त्यात दिसलेली जागा, पायात कळ उतरणारी पट्टी आणि तपासणीत सापडलेली कमजोरी, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. एल ४-५ च्या चकतीचा नेहमीचा फुगवटा एल ५ च्या मुळीला लागतो. कळ जर टाचेकडं जात असेल तर बोट एल ५-एस १ कडं जातं. बल्ज डावीकडं आणि पाय दुखतोय उजवा, असे रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची तारीख विचारणारेही येतात.

आणखी एक गोष्ट. नस फक्त दाबली जाते म्हणून दुखत नाही. चकतीच्या आतला मऊ गर बाहेर आला की त्यातल्या रसायनांनी नसेच्या मुळीला सूज येते आणि ती सूज दुखते. त्यामुळंच छोट्या फुगवट्यात माणूस रात्रभर तळमळतो आणि मोठ्या फुगवट्यात कधीकधी खुशाल फिरतो. पहिल्या काही आठवड्यांत गोळ्यांनी, काही जणांना मणक्यातल्या इंजेक्शननं आराम पडतो, तोही ही सूज उतरते म्हणून. चकती तिथंच असते.

चकतीशिवाय काय असू शकतं, हे थोडं सावकाश बघू, कारण तुमच्या फिजिओंचं म्हणणं इथं येतं. पिरिफॉर्मिस हा त्रिकोणी हाडापासून खुब्यापर्यंत आडवा जाणारा स्नायू. साधारण सहातल्या एका माणसात नस किंवा तिचा एक फाटा त्याच्या खालून न जाता त्याच्यातून जातो. स्नायू आखडला की नस चिडते. बसलं की वाढतं, मागच्या खिशात जाडजूड पाकीट असेल तर अजून वाढतं, कुल्ल्याच्या मध्यावर अंगठा दाबला की कळ खाली जाते. खोकल्यानं मात्र सहसा काही होत नाही. तुमच्या वर्णनात बाईक आणि मांडी घालून बसणं या दोन्ही गोष्टी आहेत, त्यामुळं पिरिफॉर्मिसचा संशय रास्त आहे. पण याच दोन स्थितींत कंबरही गोल होते आणि चकतीवर दाब वाढतो, म्हणजे हा पुरावा दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. म्हणून खोकला-शिंकेचा प्रश्न आणि वर सांगितलेल्या पाय उचलण्याच्या आणि मान उचलण्याच्या चाचण्या महत्त्वाच्या. पिरिफॉर्मिसचं निदान मी सगळ्यात शेवटी करतो. फार सोयीचं निदान आहे ते. कुल्ला कुणाचाही दाबला तर थोडा दुखतोच.

कुल्ल्याच्या बाजूचा, ग्लुटिअस मिनिमस नावाचा छोटा स्नायू हा त्याहून मोठा चकवा. त्यातल्या गाठी मांडीच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत दुखणं पाठवतात आणि ते सायटिकासारखं दिसतं. एका कुशीवर झोपवत नाही, ही त्याची खूण. त्रिकोणी हाड आणि कंबरेच्या हाडामधला एसआय सांधा दुखला तर माणूस कंबरेच्या खळगीवर बोट ठेवतो, दुखणं बहुधा गुडघ्याच्या वरच थांबतं, आणि बाळंतपणाच्या आसपास ते जास्त दिसतं. खुब्याचा सांधा झिजला असेल तर जांघेत आणि मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत दुखतं, आणि मांडी घालायलाच जमत नाही. दारू किंवा स्टेरॉइडचा इतिहास असेल तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला नाही ना, हे बघावंच लागतं.

आपल्या भागात एक प्रकार हमखास दिसतो. भांगलणीला तासन् तास उकिडवं बसणाऱ्या बायकांना एक दिवस पाऊल उचलत नाही, चप्पल घसरते. कंबर अजिबात दुखत नाही, तरी घरचे कंबरेचा एमआरआय काढून येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीला वळसा घालून जाणारी नस तिथं दाबली गेलेली असते. तिथं बोटानं टिचकी मारली तरी पावलात मुंग्या येतात. तसंच परकराची नाडी किंवा कमरेचा पट्टा करकचून बांधला की मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ आणि बधिरपणा येतो. ही फक्त कातडीची नस असते, ताकद कधीच जात नाही, आणि नाडी सैल केली की बहुतेकदा महिना-दोन महिन्यांत जातं. या दोघांनाही कंबरेवर उपचार करून काही मिळत नाही.

वयस्कर माणसांत चित्र वेगळं. रंकाळ्यावर फिरायला गेलेले आजोबा पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाय भरून आल्याचं सांगतात, कट्ट्यावर बसले की दोन मिनिटांत ठीक. सायकल मात्र तासभर चालवतात. हा मणक्यातला नसांचा कालवा अरुंद झाल्याचा प्रकार, कारण पुढं वाकलं की कालवा थोडा रुंद होतो. पण नुसतं उभं राहिल्यावरही पोटरीचं दुखणं थांबत असेल, आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा किंवा मधुमेही असेल, तर पावलावरची नाडी तपासायलाच हवी. ते रक्तवाहिनीचं दुखणं असू शकतं आणि तिथं कुठलंही चोळणं उपयोगाचं नाही. दोन्ही तळव्यांची रात्री आग होणं हे बहुधा साखरेचं किंवा बी-१२ च्या कमतरतेचं. एका पट्टीत काही दिवस आग आणि मग पुरळ, ती नागीण.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही ऑस्टिओपॅथीचं नाव घेतलंत.

अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरनं १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथं तिचं पहिलं विद्यालय काढलं. तिथं आज या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, ऑपरेशनही करतात. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्यानं त्यांची स्वतंत्र परिषद झाली. आपल्याकडं तशी वेगळी परिषद नाही. इथं हे काम करणारे बरेचसे मूळचे फिजिओथेरपिस्ट असतात आणि वरचं शिक्षण घेतात. म्हणून कुणाच्याही हातात कंबर देण्याआधी मूळ पदवी कुठली, हे निःसंकोच विचारा. राग आला तर उठून या.

स्टिलचं मुख्य म्हणणं असं की शरीर एक सलग यंत्रणा आहे आणि एका ठिकाणचं अडलेलं हलणं दुसऱ्या ठिकाणी भार होऊन बसतं. तपासताना आम्ही चार गोष्टी शोधतो: ऊतींचा पोत बदललाय का, दोन्ही बाजूंत फरक आहे का, सांधा कुठं अडतोय, आणि दाबल्यावर कुठं दुखतंय. ऐकायला छान वाटतं, पण एक अडचण सांगून ठेवतो. दोन अनुभवी हातांनी एकच पाठ चाचपली तरी 'कुठला मणका अडलाय' यावर त्यांचं एकमत बऱ्याचदा होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यामुळं 'तुमचा चौथा मणका उजवीकडं फिरलाय' असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. 'एक पाय आखूड आहे' हेही तसंच. थोडा फरक बहुतेकांत असतो. मी मोजतो ते बदल: पाय किती अंशांवर कळ देतो, खुबा किती आत वळतो, माणूस किती मिनिटं बसू शकतो. हात लावल्यानंतर त्यात फरक पडला तर मी योग्य जागी होतो. नाही पडला तर जागा बदलायची.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत, न तपासता, मी कुठं बघेन ते सांगतो. सीएनसीवर काम म्हणजे पॅलेटवरून कास्टिंग म्हणजे ओतीव भाग उचलायचा, वळायचं, चकमध्ये म्हणजे मशीनच्या पकडीत लावायचा, पुन्हा काढून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. दिवसभर एकाच दिशेला. कंबरेच्या एकेका मणक्याला फिरायला दोन-तीन अंशांचीच मुभा असते. वळणं यायला हवं ते खुब्यातून आणि छातीच्या मणक्यांमधून. खुबा आत वळायला अडला असेल, किंवा पाठ वर ताठ झाली असेल, तर उरलेलं वळण एल ४-५ ला द्यावं लागतं, तेही हातात वजन असताना. तेव्हा चकतीचा फुगवटा दिसतो कंबरेत, पण तो तिथं का झाला याचं उत्तर खुब्यात सापडू शकतं. म्हणून पहिल्या भेटीत मी पालथं झोपवून, गुडघे वाकवून दोन्ही खुब्यांचं आत वळणं तोलून बघेन.

मग सोअस स्नायू. हा छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कंबरेच्या मणक्यांना धरत मांडीच्या हाडापर्यंत जातो. तासन् तास बसून तो आखडला की उभं राहिल्यावर कंबर पुढं ओढतो. श्वासाच्या पडद्याच्या मुळ्याही कंबरेच्या वरच्या मणक्यांवरच असतात, त्यामुळं दुखण्यानं छातीतच श्वास घेणाऱ्याची कंबर दिवसभर ताठ राहते. कधी घोटा मुरगळला होता का, हेही विचारेन. घोट्याच्या बाहेरून जाणारा नसेचा फाटा तेव्हा ओढला गेलेला असू शकतो. सायकलच्या ब्रेकची केबल जशी नळीत सरकायला हवी तशी नसही आजूबाजूच्या ऊतींमधून काही मिलिमीटर सरकत असते. खाली अडली तर वरच्या चिडलेल्या जागेवर ओढ वाढते. बद्धकोष्ठ असेल तर तेही इथं गौण नाही. रोज सकाळी जोर करणं म्हणजे रोज सकाळी चकतीवर दाब.

उपचार कसे असतात? नस तापलेली असताना जोरात काहीच नाही. स्नायूला हलका उलटा जोर लावायला सांगून मग सैल करणं, दुखऱ्या गाठीला आराम मिळेल अशा स्थितीत दीड मिनिट धरून ठेवणं, खुबा आणि छातीचे मणके मोकळे करणं, नसेला हळूहळू सरकवण्याचे व्यायाम. मणक्याला झटका देऊन 'कट्' आवाज काढण्याची पद्धतही आमच्यात आहे. पायात ताकद कमी असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा मुळी स्पष्ट दाबलेली असेल तेव्हा ती मी वापरत नाही. तो आवाज सांध्याच्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याचा असतो. मणका 'जागेवर बसल्याचा' नव्हे. चकती हातानं आत ढकलता येत नाही, हे तर छापूनच ठेवावं. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत आपल्याकडं आजही आहे, आणि साध्या उसणीला ती चालूनही जाते, कारण साधी उसण काही दिवसांत आपोआपच जाते. पायात कळ उतरत असताना मात्र लाथ, पाठीवर उभं राहणं, टांगून ओढणं हे सगळं बंद.

फायदा किती? कंबरदुखीसाठी हातानं केलेल्या उपचारांचा मध्यम उपयोग दिसतो. नसेच्या मुळीच्या दुखण्याला पुरावा बराच पातळ आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात हाताचे उपचार व्यायामासोबतच करावेत असं म्हटलंय. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) त्यात नाकारलेत, आणि २०२० च्या सुधारणेत सायटिकासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन या नसेच्या गोळ्या सुरू करू नका असंही सांगितलंय. तुमच्या मिस्टरांना यातली गोळी चालू असेल तर हे वाचून लगेच बंद करू नका. ती एकदम थांबवली तर त्रास होतो. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते.

ऑपरेशनबद्दल तुमच्या मनात भीती असणार. चकतीचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतः शोषून घेतं, आणि मजेची गोष्ट म्हणजे जितका मोठा, सुटा तुकडा, तितकी ही शक्यता जास्त. साधा बल्ज त्या मानानं कमी बदलतो. बहुतेकांचं पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवडे सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी थांबून उपचार. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढं ऑपरेशन लागलंच. तेव्हा ऑपरेशन म्हणजे हार नाही, आणि घाईची गोष्टही नाही. ताकद शाबूत असेल तर कधी करायचं हे दुखणं किती सोसवतं आणि कामावर किती दिवस खाडा परवडतो, यावर ठरवायला हरकत नाही. अडीच महिने झालेत. आणखी महिनाभर नीट उपचार करूनही कळ तशीच राहिली, तर सर्जनचं मत पुन्हा घ्या, मी स्वतःच पाठवीन.

एकाच बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढी जागा बधिर झाली, दोन्ही पाय एकदम कमजोर झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा न्यूरोसर्जन असलेल्या जवळच्या दवाखान्यात. तासांवर खेळ असतो. पाऊल दिवसेंदिवस जास्त पडत असेल तरीही लगेच. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, झोपल्यावरही न थांबणारी कंबरदुखी, यांत आपल्याकडं मणक्याचा क्षय आधी डोक्यात यायला हवा, आणि पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल तर तो मणक्यात पसरला नाही ना, हेही. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्ताची गाठ. अशा कुणालाही मी हात लावत नाही.

तोवर घरी काय करायचं? पलंगावर पडून राहणं एक-दोन दिवसांपुरतं ठीक, पुढं नुकसानच. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं दिवसातून चार-पाचदा चालावं. दुखणं पोटरीतून वर सरकत कुल्ल्यात आणि मग कंबरेत आलं, तर कंबर जास्त दुखली तरी घाबरू नका, ही सुधारण्याची खूण असते. उलट पोटरीतून पावलाकडं उतरू लागलं तर तो व्यायाम किंवा ती बैठक थांबवायची. जेवायला महिनाभर खुर्ची. सासूबाई काही बोलल्या तर माझं नाव सांगा. मागच्या खिशातलं पाकीट पुढं. मशीनवर सुपरवायझरला सांगून पॅलेट कमरेच्या उंचीला आणि समोर घ्यायला सांगा, आणि वळताना कंबरेऐवजी पावलं फिरवायची सवय लावा. औषधांइतकाच हा बदल महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सगळ्यात अवघड जातो, कारण ठोकपीस म्हणजे नगावर पैसे असतील तर कुणाला थांबायला वेळ नसतो.

तपासायला याल तेव्हा रिपोर्टच्या कागदासोबत एमआरआयची फिल्म किंवा सीडी आणा. चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा, साखर आणि बी-१२ तपासलं असेल तर तेही. कळ नेमकी कुठून कुठं जाते ते त्यांना स्वतःच्या बोटानं पायावर दाखवायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात आल्यावर ते दुखणं निम्मं विसरतात. आणि त्या दिवशी त्यांना बाईक चालवत आणू नका, रिक्षा करा. शहरातले स्पीडब्रेकर पार करून आलेली कंबर तपासली तर मला खुबा कुठं अडतो हे न कळता रस्ते कुठं उखडलेत एवढंच कळतं.